पक्के खांब, हलती कपाटं

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचं सार्वजनिक ग्रंथालय पायऱ्यांशी बसलेल्या दोन संगमरवरी सिंहांमुळे जगभर ओळखलं जातं. 23 मे 1911 रोजी ते उघडलं. त्याचं मुख्य वाचन दालन जवळपास 90 मीटर लांब आहे, छत पंधरा मीटरांहून उंच, आणि एवढ्या मोठ्या जागेत मधे एकही खांब नाही. हे दालन उभं कशावर आहे? पुस्तकांच्या मांडण्यांवर. दालनाच्या बरोबर खाली पोलादी मांडण्यांचे सात मजले एकावर एक रचलेले आहेत आणि त्या मांडण्यांचे उभे पोलादी दांडेच वरच्या जमिनीचा भार पेलतात. 

त्या काळाच्या हिशेबाने ही रचना अतिशय हुशारीची होती. वाचकाने चिठ्ठी भरायची, ती हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून खाली जायची, खालचा माणूस पुस्तक शोधून वर पाठवायचा. वाचकाला मांडण्यांमध्ये फिरायचं कारणच नव्हतं. म्हणून प्रत्येक मजल्याची उंची हात वरच्या फळीपर्यंत पोचेल इतकीच ठेवली होती आणि वाटा अरुंद होत्या. पुस्तकं साठवणं आणि मागेल त्याला ती आणून देणं, या एका कामासाठी ते यंत्र घडवलं गेलं आणि ते काम त्याने शंभर वर्षं चोख केलं.

अडचण शंभर वर्षांनी आली. ग्रंथालयाला शहरातल्या आपल्या जागा एकत्र आणायच्या होत्या. 2012 मध्ये वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर यांचा आराखडा पुढे आला: सात मजल्यांच्या मांडण्या काढायच्या, तिथली पुस्तकं हलवायची आणि त्या पोकळीत घरी पुस्तकं देणारं नवं ग्रंथालय बसवायचं. अभ्यासकांनी कडाडून विरोध केला, कारण संशोधनाची पुस्तकं दूर गेली तर ग्रंथालयाचा प्राणच जाईल असं त्यांना वाटत होतं. विरोधाइतकीच अवघड गोष्ट बांधकामाची होती. मांडणी काढायची म्हणजे वरचं दालन तेवढा काळ दुसऱ्या कशावर तरी तोलून धरायचं. खर्चाचे अंदाज आणि वाद वाढत गेले आणि मे 2014 मध्ये योजना सोडून देण्यात आली. मांडण्यांमधली पुस्तकं त्याआधीच बाहेर काढली गेली होती. पुढे त्यांच्यासाठी मागच्या ब्रायंट पार्कखालच्या तळघरांत जागा वाढवली.

आता याच रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, दोन चौक खाली पाहू. तिथे आर्नोल्ड कॉन्स्टेबल नावाचं मोठं कापडचोपडाचं दुकान होतं. त्या इमारतीत 1970 साली मिड-मॅनहॅटन ग्रंथालय सुरू झालं. फॉस्टर यांचा आराखडा बारगळल्यावर ग्रंथालयाने आपलं लक्ष इकडे वळवलं. मेकानू या डच वास्तुरचनाकार संस्थेने न्यूयॉर्कच्या बायर ब्लिंडर बेल या संस्थेबरोबर ती इमारत आतून नव्याने रचली. काही गाळ्यांतली जमीन कापून उंच पोकळी केली, तिच्या एका बाजूला तीन मजल्यांच्या उंचीत पुस्तकांचे पाच मजले बसवले, मुलांना आणि किशोरांना स्वतंत्र जागा दिली, प्रौढ शिक्षणाचे वर्ग आणले, व्यवसाय करू पाहणाऱ्यांसाठी एक विभाग काढला आणि छतावर सर्वांना मोफत बसता येईल अशी गच्ची केली. 2021 मध्ये ते उघडलं. खास ग्रंथालय म्हणून बांधलेल्या वास्तूला जो बदल झेपला नाही, तो दुकान म्हणून बांधलेल्या वास्तूने सहज पचवला. कारण साधं आहे. दुकानाच्या इमारतीत ठराविक अंतरावर खांब होते, मजल्यांना पुरेशी उंची होती आणि माल मांडण्याच्या फळ्यांवर इमारतीचा भार नव्हता.

सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत बांधताना सर्वांत आधी ठरवायची गोष्ट इथे दिसते. पुढच्या पन्नास वर्षांत काय हलणार नाही, हे नीट ओळखून तेवढंच पक्कं करायचं. बाकी सगळं सुटं ठेवायचं, आणि सुटं ठेवलेल्या गोष्टींचं एकमेकांवर आक्रमण होणार नाही एवढी सोय करायची. हे वाक्य लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात ते साधायला ग्रंथालयांना पुढे शतकभर झगडावं लागलं.

गंमत म्हणजे, योग्य दिशा दाखवणारा एक छोटासा कागद त्याच 1911 साली न्यूयॉर्कमध्येच छापला गेला होता. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून 1883 ते 1929 या काळात जगभरात 2,509 ग्रंथालयं उभी राहिली. त्या देणग्यांचा कारभार पाहणारे त्यांचे सचिव जेम्स बर्ट्रम यांच्याकडे गावोगावचे नकाशे येत. घुमट, खांबांच्या ओळी, शेकोट्या, भलेमोठे जिने यांत पैसा संपे आणि पुस्तकांना जागा उरत नसे. शेवटी बर्ट्रम यांनी ग्रंथालय बांधण्याविषयी सूचनांचं एक पत्रक काढलं. त्याचा सारांश असा: साधी आयताकृती इमारत घ्या, छोट्या देवडीतून थेट एका मोठ्या खोलीत प्रवेश द्या, त्या खोलीचे भाग भिंतींनी पाडण्याऐवजी पुस्तकांच्या कपाटांनी पाडा, आणि खाली व्याख्यानांसाठी खोली ठेवा. त्यामागचा हेतू काटकसरीचा होता, एका ग्रंथपालाला सगळीकडे लक्ष ठेवता यावं असाही होता. पण कपाटं हलवली की खोलीचा आकार बदलतो, हा त्यातला फायदा पुढच्या पिढ्यांना मिळाला. 

मोठ्या ग्रंथालयांपर्यंत हा विचार पोचायला आणखी वेळ लागला, आणि तो पोचवला एका मांडण्यांच्या कारखानदाराने. अँगस स्नेड मॅकडोनल्ड यांची स्नेड कंपनी लोखंडी मांडण्यांचे मजले बनवण्यात अग्रेसर होती. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या मांडण्या याच घराण्याच्या कारखान्याने केलेल्या. आपल्याच मालाची बाजारपेठ मोडेल असा विचार मॅकडोनल्ड यांनी 1930च्या दशकात मांडायला सुरुवात केली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. साठवणीचा वेगळा बुरूज नको, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या इमारतीत समान अंतरावर खांब घ्या, प्रत्येक मजला पुस्तकांचा भार पेलेल असा करा, उजेड आणि हवा सगळीकडे सारखी पोचवा. मग आज जिथे कपाटं आहेत तिथे उद्या टेबलं मांडता येतील. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. ब्रिटनमध्ये वास्तुरचनाकार हॅरी फॉकनर-ब्राउन यांनी चांगल्या ग्रंथालय-इमारतीचे दहा गुण सांगितले, त्यांत पहिला क्रमांक बदलता येण्याला दिला. त्यांची यादी अनेक देशांतल्या ग्रंथपालांनी पाठ केली.

या विचारातला मजल्याच्या ताकदीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि इमारत बांधताना तोच बहुधा विसरला जातो. पुस्तकं अतिशय जड असतात. भारतीय मानकानुसार घराच्या खोलीचा मजला दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात. वाचनाच्या खोलीसाठी हा आकडा 300 ते 400 किलो होतो. पुस्तकांच्या मांडण्यांसाठी तो 600 किलो आहे, तोही मांडणी 2.2 मीटर उंच असेपर्यंत. उंची वाढली की भारही वाढवून धरावा लागतो. रुळांवर सरकणारी, एकमेकींना चिकटणारी कपाटं घ्यायची तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे जो मजला आज फक्त वाचनासाठी म्हणून बेताने बांधला, तिथे उद्या कपाटं नेता येत नाहीत. उलट जो सगळीकडे 600 किलोला आखला, तिथे कुठेही काहीही करता येतं, पण पोलाद आणि सिमेंट जास्त लागतं. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून तो वाचवण्याचा मोह होतो. जिचं नुकसान पुढे कधीही भरून काढता येत नाही अशी बचत ती हीच.

विजेच्या तारा आणि नळांचंही तसंच. 1990च्या दशकात संगणक आले तेव्हा जगभरच्या ग्रंथालयांत ते भिंतीलगत रांगेने बसवले गेले, कारण वीज फक्त भिंतीत होती. आज प्रत्येकाच्या पिशवीत लॅपटॉप आणि फोन असतो, आणि खोलीच्या मधोमध बसणाऱ्याला प्लग हवा असतो. जमिनीवर काही इंच उंचीची दुसरी उचलता येणारी जमीन घालून तिच्याखालून तारा नेल्या की फरशीचा एक तुकडा उचलून हवी तिथे वीज काढता येते. स्वच्छतागृह आणि सांडपाण्याचे नळ मात्र असे फिरत नाहीत. त्यांची जागा पहिल्याच दिवशी विचारपूर्वक धरावी लागते. अमेरिकन लेखक स्टुअर्ट ब्रँड यांनी 1994 च्या पुस्तकात इमारतीचे सहा थर मांडले ते याच जाणिवेतून: जागा, सांगाडा, बाहेरचं आवरण, नळ-तारा, आतली मांडणी आणि सामान. प्रत्येक थराचं आयुष्य वेगळं. सांगाडा अनेक दशकं टिकतो, नळ-तारा काही वर्षांनी जुन्या होतात, खुर्च्या तर रोज हलतात. कमी आयुष्याचा थर जास्त आयुष्याच्या थरात चिणून टाकला की इमारत बदलाला तयार होत नाही. न्यूयॉर्कच्या मांडण्यांचं नेमकं हेच झालं होतं: सामान आणि सांगाडा एकच होऊन बसले होते.

तर मग सगळं मोकळं सोडावं का? समान खांब, सपाट मजले, कुठेही काहीही? युद्धानंतर अशी शेकडो ग्रंथालयं झाली आणि त्यांतली बरीच नीरस झाली: खोल, बुटकी, दिवसाही दिव्यांवर चालणारी. त्याहून मोठी अडचण सिॲटल शहराने अनुभवली. तिथल्या 1960 साली बांधलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकं वाढत गेली आणि लोकांच्या बसण्याच्या जागा गिळत गेली. नव्या इमारतीचं काम मिळाल्यावर वास्तुरचनाकार रेम कूल्हास आणि जोशुआ प्रिन्स-रेमस यांनी हा धडा मनावर घेतला. त्यांचं म्हणणं असं की, जिथे सगळं कुठेही जाऊ शकतं तिथे जो सर्वांत वेगाने वाढतो तो बाकीच्यांना हुसकावतो. म्हणून त्यांनी इमारतीचे स्पष्ट विभाग केले. कचेरी, पुस्तकं, सभा, वाहनतळ यांसारख्या नक्की माहीत असलेल्या कामांना आपापले ठरलेले मजले दिले, आणि त्यांच्या मधल्या जागा वाचन, मुलं, गप्पा, चौकशी अशा सतत रूप बदलणाऱ्या कामांसाठी मोकळ्या ठेवल्या. प्रत्येक विभागाने आपल्या हद्दीत हवं तसं बदलावं, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरू नये.

2004 मध्ये उघडलेल्या या इमारतीतला सर्वांत सुंदर भाग म्हणजे पुस्तकांचा चार मजली सलग उतार. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणाचे आकडे शून्यापासून शेवटापर्यंत एकाच अखंड वाटेवर ओळीने येतात. जुन्या पद्धतीत एखादा विषय फुगला, समजा संगणकशास्त्र, की त्याची अर्धी पुस्तकं दुसऱ्या खोलीत हलवावी लागतात आणि वाचक गोंधळतो. इथे पुस्तकं वाढली की रांग उतारावर थोडी पुढे सरकते, एवढंच. सुरुवातीला तिथे सुमारे 7,80,000 पुस्तकं होती आणि जागा 14 लाखांहून अधिक पुस्तकांची. वाढीला वाव दिला, पण तिला हद्दही घालून दिली. मोकळ्या सभागृहापेक्षा हा विचार अधिक प्रौढ आहे.

हद्दीची गरज काही वाचकांनाही असते. स्टॉकहोमच्या कुल्तुरहूसेत या सांस्कृतिक केंद्रात 2011 मध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं ग्रंथालय निघालं आणि तिथे मोठ्यांना मज्जाव केला गेला. बालविभागात ही मुलं मावत नाहीत, मोठ्यांमध्ये ती बुजतात. सर्वांना खुली असलेली जागा कधी कधी अशा वयाच्या मुलांची राहतच नाही.

या सगळ्या धड्यांचा एकत्र उपयोग पाहायचा तर हेलसिंकीला जायला हवं. तिथलं ऊदी ग्रंथालय 5 डिसेंबर 2018 रोजी, फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी उघडलं. क्षेत्रफळ 17,250 चौरस मीटर, पुस्तकं मात्र सुमारे एक लाख. इतक्या मोठ्या इमारतीत इतकी कमी पुस्तकं पाहून पुस्तकप्रेमी माणसाचा जीव कळवळेल. पण हेलसिंकी आणि शेजारच्या शहरांची ग्रंथालयं एकाच जाळ्यात आहेत. कुठल्याही ग्रंथालयातलं पुस्तक मागवून ऊदीत घेता येतं. साठवण इतरांनी सांभाळल्यामुळे शहराच्या मध्यावरची मोलाची जागा माणसांसाठी मोकळी झाली.

ऊदीची कल्पना एका रात्रीत सुचलेली नाही. हेलसिंकीने 1994 मध्येच एका जुन्या केबल कारखान्यात लोकांना इंटरनेट वापरू देणारं ग्रंथालय काढलं होतं. 2005 मध्ये रेल्वे स्थानकाशेजारच्या टपाल भवनात 'ग्रंथालय 10' सुरू झालं. नाव साधं, पण तिथे संगीत ध्वनिमुद्रित करायची सोय, वाद्यं, कार्यक्रम असे प्रयोग वर्षानुवर्षं चालले. कुठली गोष्ट लोक रोज वापरतात, कुठली नुसती नवलाई ठरते, कशाचा आवाज कुणाला त्रास देतो, हे ग्रंथपालांनी पाहून घेतलं. शिवाय 2012 मध्ये शहराने लोकांकडून त्यांच्या स्वप्नातल्या ग्रंथालयाच्या कल्पना मागवल्या आणि नव्या ग्रंथालयासाठीचे एक लाख युरो कशावर खर्च करायचे ते नागरिकांना ठरवू दिलं. वास्तुरचनेच्या खुल्या स्पर्धेत 544 प्रवेशिका आल्या. जिंकलेल्या एएलए या फिनिश संस्थेच्या हाती रेखाटायला लागण्याआधीच भरपूर माहिती होती.

आता सांगाडा पाहू. ग्रंथालयासाठी ठरलेल्या जागेखालून पुढे कधी वाहनांचा बोगदा नेण्याचा शहराचा विचार होता, त्यामुळे तिथे खांबांचे पाय रोवायला मर्यादा होती. अडचणीतून उत्तर निघालं. इमारत पुलासारखी बांधली. शंभर मीटरांहून लांब दोन पोलादी कमानी टोकाशी टेकतात आणि मधला सगळा भार पेलतात. त्यामुळे तळमजल्यावर खांब नाहीत. तिथे चौकातून माणसं थेट आत येतात. उपाहारगृह आहे, चित्रपटगृह आहे, सभागृह आहे, आणि मधली जागा आज प्रदर्शन, उद्या निवडणुकीची चर्चा यांसाठी वापरता येते. मधल्या मजल्यात कमानींच्या पोलादी जाळ्या आडव्यातिडव्या येतात, म्हणून तिथे मोठं दालन शक्य नव्हतं. मग तो मजला लहान-मोठ्या बंद खोल्यांना दिला: संगीताचे स्टुडिओ, शिवणयंत्रं, त्रिमितीय छपाईची यंत्रं, व्हिडिओ खेळांच्या खोल्या, स्वयंपाकघर, गटाने बसायच्या जागा. गोंगाट इथे कोंडला गेला. सगळ्यांत वर लाटेसारख्या पांढऱ्या छताखाली एक विस्तीर्ण उजळ दालन, बुटकी कपाटं, झाडांच्या कुंड्या, मुलांचा विभाग आणि वाचत बसलेले लोक. या मजल्याला फिनिश लोक पुस्तकांचा स्वर्ग म्हणतात. समोरची गच्ची थेट संसद भवनासमोर येते.

म्हणजे तीन मजले, बदलाच्या तीन तऱ्हा. तळमजला तासागणिक रूप बदलतो. मधल्या मजल्यावरच्या खोल्या पक्क्या, पण आतली यंत्रं काही वर्षांनी जुनी होणार आणि नवी येणार हे गृहीत. वरच्या मजल्यावरची कपाटं दशकाच्या हिशेबाने कमी-जास्त होतील. कूल्हास यांनी सांगितलेल्या हद्दी इथे कमानींनीच आखून दिल्या. 2019 या पहिल्या पूर्ण वर्षात 30 लाखांहून अधिक भेटी झाल्या. साधारण साडेसहा लाख लोकवस्तीच्या शहरात हा आकडा विलक्षण आहे. त्यामागे कायद्याचाही आधार आहे. 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या फिनलंडच्या ग्रंथालय कायद्याने वाचनाबरोबरच शिकणं, काम करणं, छंद आणि नागरिकांचा सहभाग यांसाठी जागा पुरवणं हेही सार्वजनिक ग्रंथालयाचं काम ठरवलं आहे.

डेन्मार्कच्या ऑरहूस शहरानेही आधी तालीम केली. जुन्या मुख्य ग्रंथालयाच्या प्रवेश दालनात 2004 पासून साहित्य, बातम्या, संगीत, प्रदर्शन अशा विषयांच्या तात्पुरत्या प्रयोगशाळा मांडून वाचक काय करतात ते पाहिलं गेलं. त्यातून 2015 मध्ये बंदरावर डोक्क 1 उभं राहिलं. तिथे ग्रंथालय आणि पासपोर्ट, परवाने यांसारख्या नागरी सेवा एकाच छताखाली आहेत. कागदपत्रांसाठी आलेला माणूस सहज पुस्तकांपाशी पोचतो.

भिंतींचा प्रश्न सर्वांत देखणा सोडवला तो नेदरलँड्सच्या टिलबर्ग शहराने. तिथे 1932 सालची रेल्वे इंजिनांची प्रचंड कार्यशाळा रिकामी पडली होती. ती पाडायची ठरली असती तर कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. शहराने तिचं ग्रंथालय केलं, लोकहॉल, आणि 2019 च्या सुरुवातीला ते उघडलं. पंधरा मीटर उंच कार्यशाळेत भिंती बांधून खोल्या पाडायच्या तर त्या वास्तूचा आत्माच जातो. म्हणून पेत्रा ब्लाइसे यांच्या संस्थेने छतापासून जमिनीपर्यंतचे अवाढव्य पडदे केले. ते रुळांवरून सरकतात. सरकवले की जिन्याच्या पायऱ्यांवर व्याख्यानगृह तयार होतं, उघडले की सगळं पुन्हा एक होतं, आणि कापड आवाजही शोषून घेतं. जमिनीतले जुने रूळ तसेच ठेवले आणि त्यांवर आगगाडीच्या चाकांची मोठी टेबलं बसवली. ती ढकलून जोडली की रंगमंच होतो. त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात या इमारतीला वर्षातल्या सर्वोत्तम वास्तूचा मान मिळाला.

चाकं आणि पडदे पाहून एक गोष्ट विसरू नये. हलणारी वस्तू हलवायला माणूस लागतो. ज्या ग्रंथालयात एकच कर्मचारी देवघेव, नोंदी, झाडलोट सगळं पाहतो, तिथे चाकांची कपाटं एकदा मांडली की तिथेच राहतात. संध्याकाळी खुर्च्या कोण लावणार, रात्री दिवे कोण मालवणार, हे ठरवलं नसेल तर बदलता येणारी इमारत ही निव्वळ कागदावरची गोष्ट होते.

हा विचार भारताला परका नाही. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली, त्यातलं पाचवं सूत्र ग्रंथालयाला वाढत राहणारी सजीव संस्था मानतं. वाढ म्हणजे निव्वळ पुस्तकांची संख्या वाढणं, असा त्याचा अर्थ रंगनाथन घेत नसत. पुस्तकं, वाचक आणि कर्मचारी या तिघांची वाढ त्यांना अभिप्रेत होती. 1960 मध्ये भारतीय मानक संस्थेने ग्रंथालय-इमारतींच्या आखणीसाठी मानकही काढलं. 

महाराष्ट्राला हे सूत्र आज फार जवळून लागू पडतं. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली बारा हजारांहून अधिक ग्रंथालयं राज्यात झाली, त्यांतली बहुतेक स्थानिक संस्थांनी चालवलेली. त्यांच्या खोल्या बांधल्या गेल्या त्या जाळीपलीकडून पुस्तक देण्यासाठी आणि लांब टेबलावर वर्तमानपत्रं वाचण्यासाठी. आता दारात वेगळीच गर्दी आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बसायला जागा शोधतात. त्यांना कादंबरी नको, शांतता, दिवा, प्लग, पाणी आणि स्वच्छतागृह हवं. ज्येष्ठ नागरिकांना सकाळी वर्तमानपत्र आणि चार शब्द बोलायला सोबत हवी. मुलांना गोष्ट ऐकायची असते, तीही आवाज करत. तिन्ही मागण्या खऱ्या आहेत आणि खोली बहुधा एकच असते. तशात ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना पुस्तकसंख्येला मोठं वजन असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली पुस्तकं काढून जागा मोकळी करायला संस्थांचा हात आखडतो.

दुसरं टोकही महाराष्ट्रातच सापडतं. महाबळेश्वरजवळच्या भिलार गावात 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा तिथे नवी इमारत बांधलीच नाही. गावातली घरं, मंदिर, शाळा अशा पंचवीस ठिकाणी विषयवार पुस्तकं मांडली गेली. दिलेल्या जागेत सामावण्याची ही पराकाष्ठाच. पण गावकऱ्यांचा उत्साह आणि शासनाचं पाठबळ सतत लागणारा तो प्रयोग आहे. रात्री अकरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तिला इमारतच हवी.

तशी इमारत बांधायला ऊदीसारख्या कमानी लागत नाहीत. तळमजल्यावर अभ्यासिका घ्यावी आणि तिला रस्त्याकडून स्वतंत्र दार द्यावं, म्हणजे देवघेव बंद झाल्यावरही ती चालू राहते आणि पुस्तकांना कुलूप राहतं. स्वच्छतागृह या दोन्ही भागांना वापरता येईल असं मधे ठेवावं. ज्येष्ठांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी उतार पहिल्याच दिवशी बांधावा. किमान एका मजल्याचा स्लॅब सगळीकडे पुस्तकांच्या भाराला आखून घ्यावा आणि तो आकडा नकाशावर लिहून ठेवावा, म्हणजे तीस वर्षांनी येणाऱ्या कार्यकारिणीला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. आतल्या भिंतींवर तुळया टेकवू नयेत. भार खांबांवर असला की भिंत पाडता येते. प्लग जमिनीतून, तीन-तीन मीटरांवर. कपाटं खांद्याच्या उंचीची, चाकांची, आणि मुलांच्या तासाला सरकवून खोली रिकामी करणारा एक माणूस पगारावर. यांतल्या कुठल्याही गोष्टीने इमारतीचा खर्च दुप्पट होत नाही.

एक गोष्ट तर फुकट आहे. हेलसिंकी आणि ऑरहूसने जी तालीम बरीच वर्षं केली, ती कुठल्याही तालुक्याच्या गावी तीन महिन्यांत करता येईल. ग्रंथालयाच्या दाराशी एक वही ठेवून तासातासाला कोण येतं, कशासाठी येतं, किती वेळ बसतं आणि कोण आत डोकावून परत जातं याची नोंद करावी. शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर संध्याकाळपुरतं मागून घेऊन अभ्यासिका, गोष्टीचा तास, वृत्तपत्रांचा कट्टा हे एकेक चालवून पाहावं. नव्या इमारतीसाठी निधी जमवत असलेल्या प्रत्येक कार्यकारिणीने ही वही आधी भरावी आणि मगच वास्तुरचनाकाराला बोलवावं.